उचलायला चार लागत्यात

आमच्या सेनापतींनी ‘आडवे व्हा’ म्हटलं की सैन्य लगेच आडवं होत नाही. आधी सेनापती हातात मऊ केरसुणी घेतात आणि शाळेचं मैदान झाडायला लागतात. दमादमानं, एका कडेनं. मुंग्या, किडे, एखादा बावरलेला टोळ, सगळ्यांना बाजूला जायला वेळ देतात. मग कंबरेवर हात ठेवून सरळ होतात आणि म्हणतात, ‘‘हं, आता पडा.’’ तोवर शत्रूचं विमान येऊन, बाँब टाकून, परत जाऊन त्याचा पायलट चहा प्यायला बसलेला असणार, असं दत्ता पैलवान म्हणायचा. आप्पा त्याच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. ‘‘देश वाचवायचा म्हणून मुंगी मारायची व्हय?’’ एवढंच म्हणायचे आणि केरसुणी भिंतीला उभी करून ठेवायचे.

भूपाल आप्पा म्हणजे आमचे शेजारी. मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडं माझी पिठाची गिरणी, पलीकडं त्यांचं घर. गाव आमचं निपाणीवरून चिकोडीला जाताना लागतं. एसटीतून डुलकी लागली तर चुकतं, एवढंच. आप्पा जैन. पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, घरात कांदा-लसूण येत नाही, बटाटा येत नाही, आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. त्या जेवणाला त्यांच्यात अंथऊ म्हणतात. आमच्या घरात चूल पेटायच्या वेळेला आप्पा चूळ भरून मोकळे झालेले असतात.

उभा जन्म त्यांनी गावच्या दूध डेअरीत काढला. दुधाचं फॅट काढायचे. सकाळी दुधाच्या कॅनवर माप आपटून टणटण केलं की गाव किटल्या घेऊन रांगेत उभं. रांगेत सरपंचाची किटली असो नाहीतर सोयऱ्याची, फॅट लागलं नाही तर दूध परत. एकदा माझं दूध परत केलं होतं ह्या माणसानं, चार बायकांच्या देखत. ‘‘शाला, तुझ्या म्हशीला तहान लई लागती वाटतं,’’ म्हणाले. मी दोन महिने बोलले नव्हते. डेअरी सुटली, पण सवय काही सुटली नाही. माणसालासुद्धा ते दुधासारखंच बघतात. कामचुकार दिसला की म्हणतात, ‘‘आज ह्याचं फॅट लागत न्हाय.’’

तर तो उन्हाळा. तिकडं सरहद्दीवर वातावरण तापलेलं. आमच्या भागातली पोरं गल्लीगल्लीतून फौजेत आहेत, त्यामुळं टीव्हीवर नुसतं ‘सीमेवर’ म्हटलं तरी गाव हातातलं काम टाकून ऐकतं. त्या आठवड्यात तर टीव्हीवाले इतके ओरडत होते की गिरणीत बसूनही मला ऐकू यायचे. मोबाइलवर कुणी कुठल्या स्फोटाचे फोटो पाठवायचं, कुणी म्हणायचं पेट्रोल संपणार, कुणी म्हणायचं मीठ संपणार. मीठ संपणार म्हणून माझ्या जावेनं, मंगलनं, मीठच मीठ आणून ठेवलं. अजून पुरतंय.

त्यातच चिकोडीला बैठक झाली आणि निरोप आला की गावोगाव स्वयंसेवक तयार करा, सराव घ्या, दिवे घालवायची सवय लावा. पंचायतीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. जबाबदारी घ्यायची म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना अचानक शेताला पाणी पाजायचं असतं. तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला, ‘‘मी घेतो.’’

लोक हसले. जो माणूस ढेकूण मारत नाही, चिमटीत धरून बाहेर सोडून येतो, तो सैन्य काढणार! मी हसले नाही. कारण मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर गावात सगळ्यांनाच माहीत होतं, की आप्पांना हे सैन्य कशासाठी पाहिजे. त्यांची बायको पद्माक्का लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. डावं अंग गेलेलं. बोलणं आहे, पण एकेक शब्द शोधून आणल्यासारखं. मुलं दोन्ही बेंगळूरला. घराच्या आतल्या खोलीत तिची खाट, त्या खोलीला मधलं एकच दार, ते पण जुन्या पद्धतीचं, अरुंद. सत्तरी ओलांडलेला माणूस तिला कुशीवर वळवू शकतो, उचलू शकत नाही. उद्या खरंच काही झालं, तर तिला बाहेर काढायचं कुणी? टीव्ही बघताना आप्पांना बाँब दिसत नव्हता, ते मधलं दार दिसत होतं.

पहिल्याच दिवशी भांडण झालं ते हुकूम कुठल्या भाषेत द्यायचा यावर. निम्मे म्हणाले मराठीत, निम्मे म्हणाले कन्नडमध्ये, सरकारी कागद कन्नडमध्ये आलाय. आमच्या भागात ह्या वादाला तोंड फुटलं की बाँबची गरज राहत नाही. आप्पांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘वरनं विमानातनं बघितल्यावर कुठं दिसतंय रं, कुठलं गाव कुणाचं हाय ते? बोलायचंच न्हाय. मी कॅन वाजवणार.’’ एकदा टण केलं की जिथं असाल तिथं आडवं व्हायचं. दोनदा केलं की मैदानाकडं पळायचं. सारखं वाजत राहिलं की डोली आणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॅन वाजवला आणि सगळं गाव किटल्या घेऊन आलं.

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. ‘‘अरं, शत्रू आलाय! दूध कुणाला देतायसा?’’ गंगू म्हातारी म्हणाली, ‘‘आप्पा, आलोयच तर फॅट तेवढं बघा की.’’ आणि खोटं कशाला सांगू, त्यांनी बघितलं. नंतर सरावाची वेळ संध्याकाळची केली तेव्हा हा घोळ मिटला.

दत्ता पैलवानाला लाठ्या पाहिजे होत्या. दत्ता म्हणजे आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, छाती दाराएवढी आणि डोकं कडीएवढं. त्यानं लाठ्यांची मोळीच आणून मैदानात टाकली. आप्पा म्हणाले, ‘‘ह्या ने परत. मारायचं काम फौजेतली पोरं करत्यात, त्यास्नी शिकवलंय ते. आपलं काम येगळं. मारायला एक माणूस पुरतो, दत्ता. उचलायला चार लागत्यात.’’

‘‘चार तर तिरडीला बी लागत्यात,’’ दत्ता म्हणाला.

‘‘व्हय. पन ते नंतरचे चार. मला आधीचे पायजेत.’’

तर असं आमचं सैन्य उचलायचं सैन्य झालं. डोली कशी करायची ते मी सांगितलं. माझं माहेर जांबोटीकडलं. तिकडं पावसाळ्यात गाडी येत नाही. आजारी माणूस घोंगड्यात घालून, वेळूला बांधून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचा. लहानपणी कितीदा बघितलंय. इथं आम्ही दोन वेळू घेतले, मधे पोत्याचं तरट दुहेरी शिवलं. पुढं मी आणि मंगल, मागं दत्ता आणि शाळेचे शिपाई बसवाण्णा. बसवाण्णा कन्नड बोलणारे, दत्ताला कन्नड येत असून मुद्दाम बोलायचा नाही. पण डोली खांद्यावर आली की दोघांचे पाय बरोबर पडायचे. आप्पांनी मला पथकाची प्रमुख केलं. दूध परत केलेलं मी त्या दिवशी माफ केलं.

सरावाला डोलीत कोण झोपणार? दत्ताचा चुलता झोपायचा, तो दत्तापेक्षाही जड. आणि त्याच्या पोटावर आप्पा पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचे. पाणी सांडता कामा नये. सांडलं की परत पहिल्यापासून. चुलता ओला, आम्ही घामानं ओले. ‘‘आप्पा, युद्ध हाय का हळदीचं न्हाणं?’’ मंगल चिडून म्हणायची. आप्पा म्हणायचे, ‘‘हिसका बसला की दुखतंय गं. ज्याला सांगता येत न्हाय त्याला जास्त दुखतंय.’’ परत पहिल्यापासून.

सराव झाला की चिरमुऱ्याचा भडंग. आप्पांच्या खर्चानं, म्हणून कांद्याशिवाय. ‘‘कांद्याशिवाय भडंग खाऊन कुठलं युद्ध जिंकायचं?’’ असं म्हणत दत्ता तीनदा घ्यायचा. दिवे घालवायच्या सरावाला तर आप्पांनी कहरच केला. म्हणाले, सगळ्या गावानं अंथऊ करा, मावळतीच्या आत जेवा. चूल नको, दिवा नको, शत्रूला गाव दिसायचंच नाही. चार दिवस गाव उन्हात जेवलं. पाचव्या दिवशी अंधार पडल्यावर दत्ताच्या परसात मटणाचा वास सुटला आणि तो शोधत आप्पा बॅटरी न लावता भिंतीला धरून धरून तिथं पोचले. नाक धरून म्हणाले, ‘‘दिवा न्हाय दिसला तरी वासावर यील की रं शत्रू!’’

हसायचो आम्ही. पण हसणं वरवरचं होतं. रात्री दिवे गेले की गल्ली अशी गप्प व्हायची की भिंतीपलीकडं आप्पा पद्माक्काला दिवसा वाचलेला पेपर सांगतात ते ऐकू यायचं. कुठली विमानं उडाली, कुठं काय पडलं, सगळं सांगायचे. मला वाटायचं, अहो, कशाला सांगता तिला? ती पळणार आहे का? मलाच ऐकून झोप लागायची नाही, तिला कशी लागत असेल?

मग एक दिवस आप्पांनी मैदानात दोन खांब रोवले आणि वर आडवी दोरी बांधली. ‘‘डोली ह्यातनं काढायची. खांबाला लागता कामा न्हाय. आणि भाईर आल्या आल्या उजवीकडं वळायचं.’’ आम्ही बघतच राहिलो. मंगलनं मला कोपरानं ढोसलं. तेच ते मधलं दार. तेवढंच अरुंद, तेवढंच बुटकं. बाहेर आल्यावर उजवीकडं वळावं लागतं ते आप्पांच्याच पडवीत.

दत्ताचं डोकं आधीच फिरलेलं. चुलत्याला घेऊन पाचव्यांदा त्या खांबातून काढल्यावर त्यानं डोली खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर बोलला, ‘‘आप्पा, एक इचारू? हे सैन्य देशासाठी हाय का तुमच्या घरासाठी? गावाला राबवून घेतायसा आणि नाव देशाचं!’’

मला वाटलं आप्पा चिडतील, फॅट काढतील त्याचं. पण त्यांचा चेहरा असा उतरला की बघवेना. भर बाजारात कुणी धोतर फेडावं तसं झालं त्यांचं. म्हणाले, ‘‘बराबर हाय. लोकांस्नी असं वाटाय नगं.’’ मग आवाज चढवला. ‘‘सगळ्यांनी ऐका. आमच्या गल्लीत डोलीनं न्ह्यायची मानसं तीन. पयला म्हातारा ताताप्पा, त्याला दिसत न्हाय. मग कल्लाप्पाची बाळंतीण सून. माझं घर सगळ्यांत शेवटी. काय बी झालं तरी शेवटी. हा हुकूम हाय.’’

‘‘आप्पा, असं कुठं असतंय व्हय?’’ मी म्हटलं.

‘‘शाला, हुकूम म्हंजे हुकूम.’’

घरी जाताना मी दत्ताला शिव्या घातल्या. पोरगं वाईट नव्हतं, जीभ सैल. तोही मान खाली घालून ऐकत होता. पण बाण सुटला होता. आप्पा असला माणूस, की डेअरीत स्वतःच्या घरचं दूध सगळ्यांत शेवटी मापायचा. त्यांनी एकदा शेवटी म्हटलं म्हणजे शेवटी. दुसऱ्या दिवशी ते खांबही त्यांनी उपटून टाकले. आता पद्माक्काला काही झालं तर? हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. दळण टाकताना जोंधळ्यात गहू मिसळले त्या दिवसांत मी.

आणि मग ते झालंच. बाँब नाही पडला. आपल्याच माणसानं आपल्याच शेतात उसाचं पाचट पेटवलं होतं, आणि वळवाचं वारं सुटलं.

दिवस मावळायला आलेला. आप्पा अंथऊ आटपून मागल्या दारी चूळ भरत होते. मी गिरणीत. आधी वास आला, मग मागच्या कडब्याच्या गंज्यांमधून काळा धूर उठला. कित्येक दिवस ताणलेलं गाव. पहिल्या बाईनं ओरडताना ‘आग’ म्हटलंच नाही. ‘‘बाँब पडला!’’ म्हणून किंचाळली. झालं! आप्पांनी पळत जाऊन कॅनवर टण केलं, ते सारखं वाजवणार होते हो, पण चूळ भरलेल्या ओल्या हातातून माप निसटलं आणि आवाज झाला एकच. आणि सरावानं तयार झालेलं आमचं गाव जिथं होतं तिथं आडवं झालं! भाजीवाली भाजीवर आडवी. सरपंच गटारीच्या कडेला आडवे. आग गंजीवरून गंजीवर चाललीय आणि गाव जमिनीला नाक लावून पडलंय. आप्पा माप शोधत ओरडतायत, ‘‘उठा की रं! ही आग हाय!’’ आणि गंगू म्हातारी पडल्या पडल्या सांगतेय, ‘‘आधी दोनदा वाजवा, मग उठतो!’’

आज हसू येतंय. त्या वेळी मी गिरणीच्या दारातून अंतर मोजत होते. गंज्या आणि आप्पांचं घर यांच्यामध्ये नुसता एक गोठा, आणि गोठ्यावर पालापाचोळ्याचं छप्पर.

एकदाचं माप सापडलं, कॅन वाजायला लागला. आम्ही चौघं डोली घेऊन पळालो. हुकुमाप्रमाणं आधी ताताप्पा. त्यांना उचललं, मैदानात पोचवलं. ट्रॅक्टरच्या टाक्यांनी पाणी मारायला सुरुवात झाली होती, गोठ्यातली म्हैस कुणीतरी सोडली होती. परत गल्लीत आलो तर गोठ्याचं छप्पर धडाडून पेटलेलं. ठिणग्या आप्पांच्या कौलांवर पडत होत्या. आणि आप्पा गल्लीच्या मधोमध उभे, कॅन वाजवत.

‘‘आता कल्लाप्पाच्या घरला. बाळंतीण.’’

कल्लाप्पाचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. वारं उलट्या दिशेचं. तिकडं साधा धूरसुद्धा नव्हता.

‘‘आप्पा!’’ मी ओरडले. ‘‘मागं बघा! तुमचं छप्पर पेटतंय! पद्माक्का आत हाय!’’

त्यांनी मागं बघितलं नाही. तोंडावरून घाम वाहत होता, पण मान वळली नाही. मान वळली असती तर पाय तिकडंच धावले असते, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. ‘‘कल्लाप्पाच्या घरला,’’ परत म्हणाले. ‘‘शेवटी म्हंजे शेवटी. गाव काय म्हणंल?’’

मला त्या क्षणी त्या माणसाचा रागही आला आणि कीवही आली. मंगल रडायला लागली. तेवढ्यात मागून दत्ता आला. डोलीचा वेळू त्यानं माझ्याकडं दिला आणि आप्पांच्या समोर उभा राहिला.

‘‘आप्पा, मी बोललो ते चुकलं. बाजूला व्हा.’’

‘‘हुकूम हाय दत्ता!’’

‘‘हुकूम घाला चुलीत! गाव गेलं उडत!’’ असं म्हणून त्यानं आप्पांना कंबरेला धरून, कॅनसकट, उचललं आणि बाजूच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. ‘‘बर्री, बसवाण्णा, बर्री!’’ बर्री म्हणजे या. आयुष्यात पहिल्यांदा तो बसवाण्णांशी कन्नडमध्ये बोलला असेल. आम्ही आत घुसलो.

आतल्या खोलीत धूर. पद्माक्का खाटेवर, मान दाराकडं. किंचाळत नव्हती, रडत नव्हती. आम्हाला बघून म्हणाली, ‘‘आलासा?’’ आम्ही तिला तरटावर घेतलं. मी वेळू खांद्यावर घेणार तोच तिनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. ‘‘पदर,’’ म्हणाली. ‘‘शाला... पदर नीट कर. भाईर... मानसं असतील.’’

डोक्यावर कौलं तडकतायत आणि हिला पदर पाहिजे! मी पदर सारखा केला. मग मधलं दार. खांबांमधून चुलत्याला पाचदा काढलं होतं, तशीच तिला काढली. कुठं लागलं नाही, कुठं हिसका बसला नाही, बाहेर आल्या आल्या उजवीकडं. पाण्याचा तांब्या असता तर थेंब सांडला नसता.

गल्लीत आप्पा कट्ट्यावरून उतरले होते. जवळ आले नाहीत. डोलीच्या पुढं पुढं कॅन वाजवत चालत राहिले, ‘‘बाजूला व्हा, बाजूला व्हा,’’ म्हणत. रस्त्यावर कुणी नव्हतंच.

मैदानात डोली टेकवली आणि आप्पांचा बांध फुटला. पण कसा? तर आमच्यावर! ‘‘शिस्त मोडली! चौघांची बी नावं कमी! शाला, तू प्रमुख असून? बाळंतीण तितं मरंना का, असंच न्हवं?’’ बाळंतीण तर धूर दिसल्याबरोबर भावाच्या गाडीवर बसून कधीच गेली होती, हे नंतर कळलं. निपाणीहून बंब येऊन आग विझल्यावर दत्ता आप्पांच्या घरात जाऊन बघून आला. आतल्या खोलीचं छप्पर खाली आलं होतं. पद्माक्काची गादी कोळसा झाली होती. बाहेर येऊन त्यानं हे मला हळू आवाजात सांगितलं आणि मैदानाच्या कडेला जाऊन उलटी केली.

आप्पांना आम्ही सांगितलं नाही. ते म्हणत होते, ‘‘उचला, आता हिला शाळेत तरी न्ह्या. वाऱ्यात नगं.’’

‘‘आत नगं,’’ पद्माक्का म्हणाली.

‘‘अगं, वारं लागंल.’’

‘‘लागू दे.’’ तरटावर पडल्या पडल्या ती चौफेर बघत होती. बायका भोवती गोळा झाल्या होत्या, कुणी तिचा हात धरला होता, कुणी केसांतली राख झाडत होतं. बराच वेळ बघून तिनं विचारलं, ‘‘ही पाण्याची टाकी... कवा झाली?’’

कुणीतरी सांगितलं.

‘‘आणि चिंच? हितं चिंच हुती.’’

‘‘तोडली आक्का. दोन वर्सं झाली.’’

‘‘मला न्हाय कुणी सांगितलं,’’ पद्माक्का म्हणाली. आप्पांकडं बघून नाही, असंच, सगळ्यांना. आणि आप्पा, ज्यांनी तिला सरहद्दीवरची एकूण एक बातमी सांगितली होती, ते कॅन हातात घेऊन नुसते उभे राहिले.

पुढं तिकडं सरहद्दीवर निवळलं. टीव्हीवाले दुसऱ्या विषयावर ओरडायला लागले. आजूबाजूच्या गावांतली पथकं महिनाभरात मोडली. आम्हाला तर आधीच नारळ मिळाला होता. आप्पांचं घर गावानं उभं केलं. कौलं दत्तानं चढवली, आणि मधलं दार गवंड्याला सांगून रुंद केलं, आप्पांना न विचारता.

एके दिवशी दुपारी आप्पा गिरणीत आले. दळण आणलं नव्हतं. पिठाच्या डब्याकडं बघत म्हणाले, ‘‘पथक परत घ्यायचं म्हणतोय. सराव बुडाला की अंग जड हुतंय.’’

‘‘कुणाला उचलायचं आता?’’ मी मुद्दाम विचारलं.

‘‘ही हाय की. वजन बी बेताचं.’’

तेव्हापासून दर रविवारी आमचं सैन्य पद्माक्काला घेऊन निघतं. कुठं जायचं ते ती सांगते. कधी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, देवाला, कधी त्यांच्या मळ्यात, एकदा तर जिच्याशी वीस वर्षं भांडण होतं त्या बाईच्या दारात डोली नेऊन उभी करायला लावली आणि परत भांडून आली. आप्पा पुढं असतात. कुणी विचारलं तर म्हणतात, ‘‘सराव चाललाय. देशाचं काम हाय.’’

मागल्या रविवारी कल्लाप्पाच्या नातवाचं बारसं होतं. आगीच्या धांदलीत राहून गेलेलं. आम्ही डोली उचलली, आप्पा नेहमीसारखे पुढं झाले, तर पद्माक्का म्हणाली, ‘‘तुमी नगा. बायकांत... काय काम?’’ सगळे हसले. आप्पाही हसले आणि दारातच थांबले.

बारशात तिच्या गोळीची आठवण झाली म्हणून मी परत आले. दार उघडंच होतं. आप्पा आतल्या खोलीत, तिच्या नव्या खाटेवर बसले होते. दाराकडं तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

‘‘आप्पा, गोळी कुठं हाय?’’

त्यांनी फळीवरून काढून दिली. परत तिथंच बसले.

‘‘कवा येनार गं ती?’’

‘‘आत्ता तर गेलीय. पाळणा बी म्हणायचाय अजून.’’

त्यांनी मान हलवली. मी निघणार तोच म्हणाले, ‘‘हितनं काय दिसत न्हाय गं, शाला. नुसतं दार दिसतंय.’’

मी थांबले.

‘‘त्या दिवशी तिला कॅनचा आवाज येत असणार. मी गल्लीत हाय हे तिला ठावं असणार. आणि मी आलो न्हाय.’’ खाटेवरची चादर त्यांनी हातानं सारखी केली, सारखीच होती तरी. ‘‘काय वाटलं असंल तिला?’’

‘‘तिलाच इचारा की, आप्पा.’’

‘‘इचारायचं म्हणतोय. रोज म्हणतोय.’’

मी गोळी पदराला बांधली. ते अजून दाराकडंच बघत होते.

‘‘भ्या वाटतंय गं,’’ आप्पा म्हणाले.